खंडेनवमीला चालू केलेलं मशीन

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या भानगडी माहीत आहेत. बी.एस्सी.ला एका विषयात दांडी उडाली होती आणि वडिलांना पुढचा निकाल लागेपर्यंत पत्ता लागू दिला नव्हता, हे तिला माहीत आहे. लग्नाआधी सिगारेट ओढायचो, तेही. पण ही एक गोष्ट तिला माहीत नाही. भावाला नाही, मित्रांना नाही. तोंडाशी आली की मी विषय बदलतो, चहा मागतो, पेपर उघडतो. आज तुम्हाला सांगायला बसलोय — तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. रस्त्यात भेटलात तरी नजर चुकवायची वेळ येणार नाही.

सुरुवात माझ्या नादापासून करावी लागेल. कोल्हापुरात प्रत्येकाला कसला ना कसला नाद असतोच. आमच्या शिवाजी पेठेत कुणाला फुटबॉलचा, कुणाला कबुतरांचा, कुणाला म्हशी सजवून मिरवायचा. माझा नाद असा की पेठेत सांगायचीही चोरी. मला एका ऑपरेटिंग सिस्टिमचा नाद होता. कॉम्प्युटर सुरू केला की आधी जी जागी होते आणि बाकीचं सगळं जिच्या जिवावर चालतं, ती ऑपरेटिंग सिस्टिम. सगळं जग विंडोज वापरत होतं. माझी होती ओएस टू.

हसा. पेठेतले सगळे हसले, तुम्हीही हसून घ्या. पण शहाण्णव साली मी ती पहिल्यांदा चालवून बघितली तेव्हा काय वाटलं ते कसं सांगू? एकीकडे फ्लॉपी फॉरमॅट होतेय, दुसरीकडे प्रिंट चाललीय, आणि मधल्या खिडकीत मी शांतपणे टाइप करतोय — कशाला कशाचा धक्का नाही. त्या वेळच्या विंडोजला फ्लॉपी फॉरमॅट करायला दिली की सगळा कॉम्प्युटर तिच्यामागं उभा राहायचा, रेशनच्या रांगेत राहावा तसा. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. मला वाटलं, माणसानं यंत्र बनवावं तर असं.

पेठेतल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी होतो. तिथं कुणी व्यापाऱ्यानं वडिलांच्या नावानं एक कॉम्प्युटर देणगी दिला आणि तो कुणाला चालवता येत नव्हता, म्हणून माझ्या गळ्यात पडला. मी त्यावर माझी सिस्टिम बसवली. पुस्तकांच्या यादीचा प्रोग्राम स्वतः लिहिला. मराठी अक्षरं काही केल्या जमेनात, म्हणून पुस्तकांची नावं रोमन लिपीत टाकायची असं ठरवलं. आता टाकणार कोण?

सुजाता आली ती त्यासाठी. शाहूवाडीकडच्या एका गावातली मुलगी, बौद्ध कुटुंबातली. कोल्हापुरात मामाकडे राहून ग्रंथालयाची पदवी घेतलेली. तात्पुरत्या नेमणुकीवर तिला ठेवलं होतं आणि ते तात्पुरतं वर्षानुवर्षं चाललं होतं. आवाज खणखणीत, वाचनालयाच्या पाट्या शांतता पाळा म्हणायच्या आणि ही त्या पाटीखाली उभी राहून वरच्या मजल्यावरच्या शिपायाला हाक मारायची. पण कॉम्प्युटरसमोर बसली की चित्र वेगळं. तिनं माझी सिस्टिम माझ्याकडून शिकून घेतली आणि तिलाही तिचा नाद लागला. अख्ख्या कोल्हापुरात ती सिस्टिम जाणणारी माणसं दोनच — मी आणि सुजाता. आम्ही दोघं त्याचा गमतीनं अभिमान बाळगायचो. कुणी विंडोजची तारीफ केली की ती म्हणायची, "त्येला एका वेळी एकच काम जमतंय, पुरुषमाणसागत." आणि माझ्याकडं बघून हसायची.

बघा, मी अजून तिच्या विनोदावरच रेंगाळतोय. मुद्द्यावर येत नाही.

ती सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीनं तिच्यातून कधीच अंग काढून घेतलं होतं. जगभरात तिच्यावर जीव असलेली मूठभर माणसं उरली होती, तीच एकमेकांना ईमेल करून तिला जगवत होती. इकडं आमचं जुनं मशीन कण्हायला लागलं होतं. दोन हजार चार साली कार्यकारिणीनं नवा कॉम्प्युटर घेतला, आणि त्याच्या भल्यामोठ्या हार्ड डिस्कला माझी सिस्टिम ओळखच देईना. सेक्रेटरी होते अण्णा. म्हातारे, करारी, वाचनालयासाठी आयुष्य घातलेले. ते मला सरळ म्हणाले, "सर, दसरा झाल्यावर मीटिंग हाय. तवर तुमचं ते खूळ नव्या मशीनवर चालवून दावा. न्हाय तर विंडोज घालू, आणि विषय संपला." त्याच मीटिंगमध्ये आणखी एक विषय होता. वाचनालयात सहायक ग्रंथपालाची एक कायम जागा मंजूर झाली होती. ती सुजाताला द्यायची, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. तिच्या आईनं गावात सांगूनही टाकलं होतं म्हणे.

मी महाद्वार रोडवरच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचो. युरोपातल्या कुणी भल्या माणसानं मोठ्या डिस्कसाठी ड्रायव्हर लिहून फुकट वाटला होता. ड्रायव्हर म्हणजे नव्या भागाशी कसं बोलायचं हे जुन्या सिस्टिमला शिकवणारा छोटा प्रोग्राम. मी तो फ्लॉपीवर उतरवून आणला. सोबत सूचनांची फाईल होती. ती मी वरवर चाळली. मास्तर माणूस मी, पोरांना प्रश्न नीट वाचा म्हणून ओरडणारा — आणि स्वतः?

सुजातानं एवढंच म्हटलं होतं, "सर, आधी बॅकअप घेऊया, मग तुमचं काय ते करा." नव्या फ्लॉप्या मागवा म्हणून ती पावसाळ्यापासून माझ्या मागं लागली होती. जुन्या फ्लॉप्या खराब व्हायला लागल्या होत्या. मी म्हणत होतो, थांब, नव्या मशीनवर गेलो की सगळं सीडीवरच घेऊ. उन्हाळ्यानंतर बॅकअप झालाच नव्हता. तो माझ्यामुळं झाला नव्हता, हे इथंच सांगून ठेवतो.

आता खंडेनवमी. आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याची त्याची हत्यारं पूजतात. लोहाराचा घण, गवंड्याची थापी, डॉक्टरचा स्टेथोस्कोप — आणि अलीकडं कॉम्प्युटर. पूजा झाली की त्याला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत त्याला विश्रांती. अष्टमीला संध्याकाळी वाचनालयात शिपाई तुकाराम सगळ्यांना बजावत होता, उद्या मशीनला कुणी शिवायचं न्हाय. त्यावर सुजाता मोठ्यानं म्हणाली, "मला न्हाय बाबा त्येचं काय. एंट्र्या राहिल्यात, मी येऊन करीन की." सगळे हसले. मीही हसलो. कॉम्प्युटरच्या खोलीच्या किल्ल्या दोनच होत्या, एक तिच्याकडं, एक माझ्याकडं.

नवमीला सकाळी अण्णा, तुकाराम आणि मी — तिघांनी पूजा केली. मॉनिटरला झेंडूचा हार, खालच्या डब्याला हळदकुंकू, कीबोर्डवर फूल. नारळ मीच फोडला. सुजाता आली नव्हती. नंतर कळलं, दसऱ्याला गावच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असतो, त्याच्या तयारीला आईनं बोलावलं म्हणून ती सकाळच्या एसटीनंच गेली होती.

दुपारी जेवण झाल्यावर घरातले सगळे आडवे झाले. मला झोप लागेना. मनात सारखं तेच — वाचनालय बंद, कुणी नाही, अख्खी दुपार मोकळी. परवा मीटिंगमध्ये अण्णांच्या समोर बटण दाबायचं आणि म्हणायचं, बघा, चालतंय. ते दृश्य मी किती वेळा मनात रंगवलं होतं! मी चप्पल घातली आणि गेलो.

मी मॉनिटरवरचा हार काढला. उचलून टेबलावर ठेवला. मनात काही आलं का? आलं. पण मी शिकलेला माणूस ना, मला कुठं असल्या गोष्टींची पर्वा — असं स्वतःला सांगितलं. नव्या मशीनची डिस्क मी तयारीसाठी आधीच घरी नेली होती, ती पिशवीतून काढून जुन्या मशीनला जोडली, नवा ड्रायव्हर घातला आणि यादी इकडून तिकडं उतरवायला लावली. पंखा सुरू केला होता, उकडत होतं. थोडा वेळ सगळं छान चाललं. मग स्क्रीनवर एकामागून एक चुका दिसायला लागल्या. जुन्या डिस्कसाठी एक वेगळी खूण घालायची असते, असं त्या सूचनांच्या फाईलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. ती मी घातली नव्हती. ड्रायव्हर जुन्या डिस्कवर नको तिथं लिहीत सुटला होता. मी मशीन बंद केलं, परत चालू केलं. सिस्टिम उठलीच नाही. यादी गेली. सुजातानं वर्षानुवर्षं एकेक पुस्तक हातात घेऊन टाकलेली यादी.

मी नवी डिस्क काढून परत पिशवीत घातली. डब्याची झाकणं लावली. आणि — हे लिहिताना हात थांबतोय — हार उचलून परत मॉनिटरला घातला. फुलं नीट केली. सकाळी कसा होता ते आठवून आठवून तसाच.

तेव्हासुद्धा मी ठरवलं नव्हतं हो. खरंच. मला वाटत होतं मीटिंगला सांगू, हळूच सांगू, अण्णांना बाजूला घेऊन सांगू. दसऱ्याचं सोनं वाटताना मी अण्णांच्या पाया पडलो तेव्हाही वाटलं, आता सांगावं. नाही सांगितलं.

दसऱ्यानंतर वाचनालय उघडलं. सुजातानं मशीन लावलं, ते उठेना. मला फोन आला, मी गेलो, आणि पहिल्यांदाच बघतोय असा खटाटोप केला. स्क्रीनकडं बघून च्च च्च केलं. मग संध्याकाळी मीटिंग. तुकारामनं सांगितलं की नवमीला दुपारी वरच्या कॉम्प्युटरच्या खोलीतला पंखा फिरताना त्याला ऐकू आला होता. तो वाचनालयामागंच राहायचा. "मला वाटलं सुजाताबाई हाईत, येणार म्हणालत्या." बिचाऱ्याचं चुकलं काय? त्याला जे वाटलं ते त्यानं सांगितलं.

सुजाता म्हणाली, "मी न्हवते. मी गावाला गेलते. सकाळीच गेलते."

अण्णा वाईट माणूस नव्हते. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही, जसं होतं तसं सांगतो. ते आवाज न चढवता म्हणाले, "अगं पोरी, किल्ली दोघांकडंच हाय. आणि आमच्यातलं कोण त्या दिवशी मशीनला हात लावंल व्हय? तूच आदल्या दिवशी सगळ्यांम्होरं म्हणालीस."

आमच्यातलं. खोलीत बसलेले सगळे त्या शब्दात होते. मी होतो. ती नव्हती. एवढी वर्षं एका टेबलाशी बसून, एका डब्यातले चिरमुरे खाऊन, त्या एका शब्दानं ती पलीकडं गेली आणि मी अलीकडं राहिलो. मला ते कळलं. त्याच क्षणी कळलं.

आणि मग ती म्हणाली — सगळं सांगून झालं तरी हे सांगायचं माझ्या जिवावर येतं — ती म्हणाली, "सरांना इचारा. सरांना म्हाईत हाय मी कशी हाय. सर खोटं बोलायचे न्हाईत."

सगळे माझ्याकडं वळले. ती माझ्याकडं बघत होती ते काळजीनं नाही, अगदी निवांत. आता प्रश्न मिटला, असं.

मी म्हणालो, "नवमीला आपल्यात मशीन चालू करत न्हाईत, हे खरंय."

बस. एवढंच. यात एक शब्द खोटा नाही, बघा. चालू करत नाहीत, खरंच आहे. तिनं केलं म्हणून मी म्हटलं नाही. मी केलं नाही असंही म्हटलं नाही. घरी जाताना मी स्वतःला हेच ऐकवत होतो. पण त्या वाक्यानं काय होणार हे मला माहीत होतं, आणि ते व्हावं म्हणूनच मी ते उच्चारलं. मला वाटतं, तिला काही क्षण अर्थच लागला नाही.

का केलं? मला विचाराल तर कारणं आहेत, पण त्यातलं एकही तोंडानं सांगण्यासारखं नाही. अण्णांसमोर नाक कापलं जाईल याची भीती होती. नवमी मोडली म्हणून पेठेत बोलतील, याची होती — इतका मोठा सुधारक मी. पण सगळ्यात खाली, तळाशी, दुसरंच होतं. मी केलं असं कळलं असतं तर ड्रायव्हरचंही सांगावं लागलं असतं, आणि अण्णांनी माझी सिस्टिम त्याच दिवशी बाहेर काढली असती. दोष माणसावर गेला म्हणजे यंत्र सुटतं. मी ते यंत्र वाचवलं.

जागेसाठी पुन्हा जाहिरात द्यायचं ठरलं, आणि यादीच गेली म्हणून माझ्या सिस्टिमला आणखी मुदत मिळाली. सुजाताला दिवाळीपर्यंत ये म्हणाले. आणि ती आली! उन्हाळ्यातल्या फ्लॉप्यांमधून जे वाचलं ते वाचलं, गेलेलं तिनं परत टाइप करायला घेतलं. मी शेजारी बसून तिला फ्लॉपी बदलून द्यायचो. एकदा तिनं विचारलं, "सर, तुमाला खरंच वाटतंय मी आलते म्हणून?" मी म्हणालो, "सोड गं ते आता." दिवाळीला तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि गेली. तिच्या आईनं गावात काय सांगितलं असेल, याचा मी विचार करत नाही असं नाही.

ड्रायव्हर पुढं मी नीट बसवला. ती एक खूण घातली आणि सगळं झकास चाललं. माझी सिस्टिम नव्या मशीनवर जगली. ते मशीनही जुनं झालं तेव्हा मी विंडोजच्या पोटात एक नकली मशीन तयार करून त्यात ती चालवली. वाचनालयाच्या वर्धापन दिनाला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. अण्णा तेव्हा थकले होते, तरी उभे राहून म्हणाले, सरांनी एकट्यानं हे टिकवलं. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

त्यानंतर वर्षभरानं प्रॅक्टिकलचा बाहेरचा परीक्षक म्हणून मी गारगोटीला गेलो. तिथल्याच एका शाळेत सुजाता ग्रंथालय बघते, हे मला माहीत नव्हतं. तिनंच मला बाजारात हाक मारली, तोच खणखणीत आवाज. केस थोडे पांढरे झालेले. नोकरी इथंही तात्पुरतीच, पण हसत सांगितली. मला हॉटेलात नेऊन चहा पाजला. सिस्टिम अजून चालते म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. आणि मग कप बशीत फिरवत म्हणाली, "सर, एक इचारू? अष्टमीला मशीन मीच शेवटचं बंद केलंतं. ते पुरतं बंद व्हायच्या आधीच मी बटण दाबलं असंल का हो? त्येनंच यादी गेली असंल का? मला अजून त्येच वाटत राहतंय. इथंबी बटण दाबताना माझा हात थांबतोय."

इतकी वर्षं तिनं माझ्यावर संशय घेतला नव्हता. स्वतःवर घेतला होता.

समोर चहा होता, हॉटेलात गर्दी नव्हती, अण्णा नव्हते, कार्यकारिणी नव्हती. माझं काहीही जाणार नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "होतं गं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नको."

तिनं मान हलवली. म्हणाली, "तसंच झालं असणार." चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, एसटीपर्यंत सोडायला आली, आणि गाडी हलेपर्यंत उभी राहिली.

ती अजून गारगोटीलाच आहे. तिचा फोन नंबर माझ्याकडं आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं ते तुम्हाला.